आपोआप काही बंद पडत नाही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

'काही केलं नव्हतं हो, आपोआप बंद पडला.' घरातला संगणक बिघडला की पहिले वाक्य हेच येते. दुसरे वाक्य याच्या नेमके उलट असते आणि ते घरातले दुसरे कोणी तरी बोलते : 'हिनेच काही तरी दाबलं असणार.' खरे कारण बहुधा या दोन्ही वाक्यांच्या बाहेर कुठे तरी असते. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे संगणक शिकवला आणि शिकवता शिकवता लोकांची यंत्रे दुरुस्तही केली. त्या अनुभवातून माझे एक मत झाले आहे. संगणकाच्या बिघाडांचा इतिहास हा यंत्राचा इतिहास तर आहेच. पण दोष कोणाच्या माथी मारायचा, याचाही तो इतिहास आहे. आज त्याच अंगाने थोडे बोलणार आहे.

यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत संगणकाहून जुनी. थॉमस एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात आपल्या शोधकामातल्या बारीकसारीक अडचणींना हाच शब्द वापरला होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात खरोखरचाच किडा सापडला. पॅनेल 'एफ'मधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकला होता. चालकांनी तो काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली, प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची गमतीची ओळ लिहिली. ग्रेस हॉपर या संगणकतज्ज्ञ विदुषी ही कथा आवडीने सांगत, म्हणून ती जगभर पसरली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पतंगाची गंमत सगळे सांगतात. मला मात्र त्या वहीचे महत्त्व अधिक वाटते. यंत्र किती वाजता थांबले, कुठे थांबले, काय आढळले, हे लिहून ठेवणारी माणसे तिथे होती. त्यामुळे 'आपोआप' हा शब्द वापरायची त्यांच्यावर वेळ आली नाही.

त्याच सुमाराचा 'एनिअ‍ॅक' हा संगणक १९४६ मध्ये जगापुढे आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत असू, त्याच या. एवढ्या नळ्यांतली एखादी दर एक-दोन दिवसांनी जायचीच. ती शोधत बसणे हे मोठे काम होते. तंत्रज्ञांच्या लक्षात आले, की नळ्या चालू असताना फारशा जात नाहीत. यंत्र तापताना आणि थंड होताना जातात. घरातला दिवा बटण दाबल्याक्षणी 'फट्' होऊन जातो, तसेच हे. मग त्यांनी यंत्र बंदच करायचे नाही असे ठरवले. तरीही एनिअ‍ॅक सलग बिनबिघाड चालल्याचा सर्वांत मोठा काळ ११६ तासांचा, तोही १९५४ मधला. म्हणजे पाच दिवससुद्धा नाहीत.

आपल्याकडे मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने याच दशकात संगणक बांधायला घेतला. गटातल्या बहुतेकांना संगणकाचा आधीचा अनुभव नव्हता. १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र झाले आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड आणि साडेबारा हजार रोधक होते. स्मृती होती २०४८ शब्दांची; आजच्या हिशेबात १० किलोबाइट. या यंत्राची एक गोष्ट पुढच्या बहुतेक संगणकांच्या वाट्याला आली नाही. ते बांधणारे आणि वापरणारे एकाच आवारात होते. यंत्र अडले, तर ज्याने ती तार जोडली तोच येऊन बघणार. दोष यंत्राचा की माणसाचा, हा वाद फार लांबायला तिथे वावच नव्हता.

बांधणारा आणि वापरणारा यांच्यातले अंतर नंतर वाढत गेले. मोठ्या कंपन्यांचे, संस्थांचे संगणक आले, ते प्रामुख्याने आयबीएमचे. दुरुस्तीला कंपनीचाच माणूस यायचा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातली भांडवलाची अट आयबीएमने मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने देशातला गाशा गुंडाळला. मागे राहिलेली यंत्रे सांभाळायची कोणी? त्यासाठी सरकारी 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' म्हणजे सीएमसी होती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या नावातच 'मेंटेनन्स' आहे. यंत्र विकत घेणे सोपे, ते चालू ठेवणे अवघड, हे त्या काळात आपल्या राज्यकर्त्यांनाही कळले होते म्हणायचे.

घरगुती संगणक आला आणि ही सगळी व्यवस्था एका फटक्यात नाहीशी झाली. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येत, जिल्ह्याच्या गावी कोणी ते जोडून देई आणि तो डबा टेंपोत बसून तालुक्याला येई. बांधणारा कुठे तैवानात, प्रणाली लिहिणारा अमेरिकेत, जोडणारा नाशिकला आणि वापरणारा दिंडोरीत. नोंदवही कोणाकडेच नाही. अशा वेळी दोष कोणाला देणार? जो समोर बसलेला असेल त्याला. आणि समोर बसलेली पुष्कळदा ती असायची.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामुळे संगणक खेड्यापाड्यांत पोचला. नोकरदार आले, मुले आली, तशा घराघरांतल्या सुना-मुलीही आल्या. दिंडोरी तालुका द्राक्षांचा. २००६-०७ च्या हंगामापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था आणली. परदेशातल्या दुकानातली पेटी कोणत्या प्लॉटमधून आली, हे मागे शोधत जाता यावे हा तिचा हेतू. बागायतदाराला प्लॉटची नोंदणी करावी लागे, ऑक्टोबर छाटणीपासून कोणते औषध कधी, किती मारले, याची नोंद ठेवावी लागे. भुरी आणि डावणीच्या फवारण्या काही कमी नसतात. कागदावरची ही वही काही घरांत संगणकावर आली.

२००८ च्या हंगामातले एक घर सांगतो. निर्यातीची बाग, काढणी तोंडावर आलेली आणि फवारणीचा सगळा तक्ता एका जोडणीच्या संगणकात. तो आठवड्यातून सात-आठ वेळा मध्येच बंद पडे किंवा पुन्हा सुरू होई. तक्ता ठेवत होती घरातली सून. एमएस-सीआयटी झालेली, हुशार. पण यंत्र तिच्या हाताखाली बंद पडे, म्हणून घरात तिच्याच नावाने ठरून गेले होते. 'सर, तिला म्हटलं आता हात नको लावू. हंगाम जाईल हातचा,' सासरे मला म्हणाले. मी म्हटले, 'आबा, हंगाम वाचवायचा तर तिलाच हात लावू द्या. फक्त शेजारी एक वही ठेवा.'

वहीत पाच रकाने आखले. तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, पडद्यावर काय दिसले आणि त्या वेळी घरातली लाइट कशी होती. यंत्रावर विंडोज एक्सपी होती. तिच्यात एक गंमत होती. प्रणाली कोसळली की आपोआप पुन्हा सुरू हो, अशी सूचना मुळातच खूण करून दिलेली असे. त्यामुळे चुकीचा संदेश असलेला निळा पडदा डोळ्यांनी टिपायच्या आत नाहीसा व्हायचा. ती खूण काढून टाकली. आता फरक कळणार होता : यंत्र काही बोलून गेले, की न बोलता गेले? न बोलता गेले तर संशय विजेवर. निळा पडदा दाखवून गेले तर वीज होती, प्रणालीही शुद्धीवर होती, आतले दुसरेच काही बिघडले.

तीन आठवड्यांत २२ नोंदी झाल्या. त्यांतल्या १५ न बोलता गेलेल्या. नुसते घड्याळ पाहिले तर त्यांत काही सूत्र नव्हते. कधी सकाळी, कधी रात्री. पण तिनेच वहीच्या समासात वायरमनकडून घेतलेले शेतीच्या विजेचे वेळापत्रक लिहून ठेवले होते. त्या काळी शेतीला थ्री फेज वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, अशी पाळीपाळीने मिळे. ते वेळापत्रक नोंदींशेजारी ठेवले आणि पंधराच्या पंधरा नोंदी थ्री फेज सुरू झाल्यानंतरच्या काही मिनिटांत येऊन बसल्या. पाळी बदलत होती म्हणून बिघाड लहरी वाटत होता. एरवी तो अगदी वेळ पाळणारा होता.

याचे कारण साधे आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागू नये म्हणून पंपांना ऑटोस्विच बसवलेले असत. वीज आली की परिसरातले सगळे पंप एकदम सुरू. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. त्या क्षणी डीपीवरचा दाब खाली येतो आणि घरातले दिवे डोळे मिटल्यासारखे करतात. माणसाला तेवढा अंधार चालतो, संगणकाला चालत नाही. त्याचा वीजपुरवठा करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, आतल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एक आवर्तन पुरते हुकले, तरी यंत्र मान टाकू शकते. ऑटोस्विच काढा आणि पंपांना कपॅसिटर बसवा, असे वीज कंपनी वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सांगत आली, ते डीपी जळू नये म्हणून. पण त्याच सवयीचा एक बळी घरातला संगणकही होता.

यूपीएस आणला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घातले. पंधरा नोंदींचा प्रश्न मिटला. राहिल्या सात. त्यांतल्या सहा दुपारच्या, यंत्र तास-दीड तास चालल्यावरच्या, निळ्या पडद्याच्या. दर वेळी पडद्यावरचा संकेतांक वेगळा. एकाच प्रोग्रॅमचा दोष असता तर बहुधा तोच तो आकडा आला असता. डबा उघडला. पंखा बागेतल्या मातीने जड झालेला आणि प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर वरून फुगलेले. चांगल्या कपॅसिटरचे टोपण सपाट असते. यांचे पुरीसारखे वर आले होते.

हा एकट्या दिंडोरीचा रोग नव्हता. १९९९ ते २००७ या काळात जगभरातल्या लाखो यंत्रांना त्याने गाठले. त्याला 'कपॅसिटरची साथ' असेच म्हटले गेले. सदोष द्रावण भरलेले, मुख्यतः तैवानी बनावटीचे कपॅसिटर मदरबोर्डांवर बसले होते. आत हळूहळू हायड्रोजन वायू धरे आणि टोपण फुगे. ऊन वाढले की बिघाड वाढे. मोठमोठ्या कंपन्यांनाही आपल्या यंत्रांचे बोर्ड बदलून द्यावे लागले. नाशिकला एका कारागिराने ते तीन कपॅसिटर डाग देऊन बदलले. खर्च किरकोळ. तक्ता वाचला. मला अधिक समाधान वेगळ्याच गोष्टीचे वाटले. आबांनी ती वही स्वतः चाळली आणि वही मिटून सुनेच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. पण त्या दिवसानंतर यंत्राला हात कोणी लावायचा, हा प्रश्न त्या घरात पुन्हा निघाला नाही.

अर्थात सगळेच दोष तारांत आणि डब्यांत नसतात. प्रणाली लिहिणारेही माणसेच. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ने स्कॅनर जोडताच निळा पडदा दाखवला आणि सभागृह हसत सुटले. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक दोष असा होता, की यंत्र सलग ४९.७ दिवस चालले तर ते गोठायचे. आतले घड्याळ मिलिसेकंद मोजत असे आणि मोजण्याची जागा ३२ बिटांची. तेवढ्या दिवसांनी ती भरायची. हा दोष उजेडात यायला १९९९ साल उजाडले, कारण तोवर कोणाचे यंत्र तेवढे दिवस धड चाललेच नव्हते! आपल्या भारनियमनात तर या दोषाला कधी संधीच मिळाली नसती.

विषाणूंची कथा पुण्याशी जोडलेली आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले आणि १९९३ मध्ये त्यांनी 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' काढली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूंचा उपद्रव दिसू लागला, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. तोच 'क्विक हील', १९९५ चा. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले. दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते हे ज्याने पाहिले, त्याच्या हाती उद्योग आला. हीसुद्धा एक प्रकारे नोंदवहीचीच करामत.

आता त्या २२ नोंदींतली उरलेली एक. सकाळची थंड वेळ. तरी एकदा निळा पडदा आला तो आलाच, पुन्हा कधी आला नाही. त्याचे कारण मला सांगता येणार नाही. पण अशा नोंदींबद्दल विज्ञान काय म्हणते ते सांगतो. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीच्या स्मृतिचिपांत अधूनमधून एखादा बिट विनाकारण उलटत असे. शून्याचा एक, एकाचा शून्य. टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी शोधून काढले, की चिपच्या वेष्टनातच किरणोत्सारी द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश आहे आणि त्यातून निघणारे अल्फा कण हा खोडसाळपणा करतात. १९७९ मध्ये झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी दाखवले, की आकाशातून येणारे विश्वकिरणही हेच करू शकतात. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक येथे एका उमेदवाराला ४०९६ मते जास्तीची दिसली. शक्य होती त्याहूनही अधिक, म्हणून चूक लक्षात आली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एका बिटाची किंमत. यंत्रात दुसरा दोष सापडला नाही, तेव्हा विश्वकिरणांवर संशय घेतला गेला. सिद्ध काही झाले नाही.

यातला योगायोग मला मोठा गोड वाटतो. विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये मांडणारे होमी भाभा, आणि ज्या संस्थेत टिफ्रॅक बांधला गेला ती उभारणारेही होमी भाभाच. आकाशातला तो पाहुणा आपल्या यंत्रांत शिरकाव करतो हे जगाला कळायला मात्र आणखी बरीच वर्षे गेली. महत्त्वाच्या यंत्रांत आता उलटलेला बिट ओळखून सुधारणारी खास स्मृती बसवतात. घरच्या यंत्रांत ती सहसा नसते.

हे सगळे जुने झाले असे कोणी समजू नये. २०२४ मध्ये इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर असेच लहरीपणे कोसळू लागले. लोकांनी आधी खेळांना नावे ठेवली, ग्राफिक कार्डांना ठेवली, स्वतःच्या जोडणीलाही ठेवली. शेवटी कारण निघाले ते प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त मिळणाऱ्या दाबाचे, म्हणजे पुन्हा विजेचेच. कंपनीने सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. त्याच वर्षी १९ जुलैला एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष सुधारणेमुळे जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडली. आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी समोर बसलेल्या कुठल्याही कर्मचाऱ्याने काहीही दाबलेले नव्हते.

तेव्हा घरचे यंत्र लहरीपणा करू लागले, तर प्रथम त्यातल्या कामाची दुसरी प्रत काढून ठेवावी. दुरुस्ती नंतर. मग वही घ्यावी आणि किमान दोन आठवडे नोंदी कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅमही बदलली, प्रणालीही नव्याने घातली आणि यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. रॅमच्या पट्टीची टोके खोडरबराने पुसणे, पंख्याची धूळ काढणे, कपॅसिटरची टोपणे पाहणे, यांना पैसे लागत नाहीत. आणि बोट दाखवायचेच झाले तर आधी भिंतीतल्या प्लगकडे दाखवावे, समोर बसलेल्या माणसाकडे सर्वांत शेवटी. एवढे करूनही एखादी नोंद बिनकारणाची उरली, तर ती तशीच राहू द्यावी. तिच्यासाठी घरातल्या कोणाला धरू नये.